घरात व्यसन शिरलं की मदतीला आधी कुणी जायचं?

मेघना_धनकवडी

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी एमडी या अमली पदार्थाचा साठा पकडला तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आधी विश्रांतवाडीतलं मिठाचं गोदाम, मग दौंड तालुक्यात कुरकुंभ एमआयडीसीतला कारखाना, तिथून धागा थेट दिल्लीपर्यंत. सतराशे किलोहून जास्त माल, किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, एमडी प्रकरणातला आरोपी ससून रुग्णालयातून पळाला तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. पोलीस, पब, 'बाहेरून शिकायला आलेली मुलं' यांच्यावर जो तो बोलत होता. माझी धाकटी बहीणही त्याच ग्रुपवर आहे. त्या वेळी तसलीच पुडी तिच्या मुलाच्या खिशात होती आणि ती एक अक्षरही बोलली नाही.

तिला विचारूनच हा धागा काढते आहे.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. जन्म पुण्यातला, शाळा पेठेतली, गणपतीत ढोलपथकात वाजवणारा. आधी फक्त वजन उतरलं. मग रात्र रात्र जागरण आणि नंतर सलग दीड दिवस झोप. सारखं नाक ओढायचा, धुळीची ॲलर्जी आहे म्हणायचा. बोलताना जबडा आवळलेला, ओठ आतून चावून सोललेले. कपाट आवरताना बहिणीला घट्ट गुंडाळलेली शंभराची नोट सापडली, आणि इमिटेशनचे कानातले ज्यात मिळतात तसल्या बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या पिशव्या. एका पिशवीच्या कोपऱ्यात पांढरा चुरा चिकटलेला. तिने तो बोटाला लावून पाहिला आणि परत आहे तिथे ठेवून कपाट लावलं. भावजींना सांगायला तिने आणखी बरेच दिवस घेतले.

पुढे जे झालं ते बहुतेक घरांत होतं. देवापुढे शपथ झाली. मोबाइल काढून घेतला, दोन दिवसांत परत दिला. "नोकरी लागली की आपोआप सुटेल" असं मामांनी सांगितलं, "लग्न करून टाका" असं आत्यांनी. उधारीवाले दारात आले तेव्हा चार लोकांत तमाशा नको म्हणून भावजींनी पैसे भरले, एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा भरताना पीएफमधून काढले. कुणी विचारलंच तर तो 'प्रोजेक्टसाठी बंगलोरला' असायचा.

या सगळ्यात गेलेले महिने मला सलतात. आजार वाढत होता आणि घरातल्या सगळ्यांची ताकद तो लपवण्यात चालली होती. वळण आलं ते बहीण एकटीच समुपदेशकाकडे गेली तेव्हा. तो यायला तयार नव्हता, म्हणून ती गेली. तिथे तिला पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारला गेला: तुम्ही झोपता का? बाई तिथेच ढसाढसा रडली. त्यानंतर तीन गोष्टी पक्क्या झाल्या. पैसे द्यायचे नाहीत. त्याची देणी फेडायची नाहीत. कॉलेजला किंवा नातेवाइकांना त्याच्या वतीने खोटं सांगायचं नाही. जेवणखाण, अंथरूण, माया यांत काटकसर नाही. महिन्याभरात त्याची घरात आदळआपट वाढली, मग एका पहाटे तो स्वतःच म्हणाला, "आई, मला कुठेतरी ने."

आज तो उपचार घेऊन घरी आहे, व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो. पुढचं पुढे. माझं म्हणणं एवढंच आहे की 'तो तयार होईपर्यंत थांबू' हे वाक्य घराघरांतून हद्दपार व्हायला हवं. तो तयार नसला तरी तुम्ही जा. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

---

औंधकर_७२

मेघनाताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. तरी मला वाटतं मूळ दुखणं पब आणि कॉट बेसिसवर राहणारी पोरं हेच आहे. आमच्या गल्लीत रात्री अडीचला गाड्यांचे आवाज येतात. कल्याणीनगरला पबमधून निघालेल्या मुलाच्या गाडीने अपघात झाल्यावर चार दिवस कडक कारवाई झाली, पुन्हा आहे तेच. माल मिळालाच नाही तर घेणार कोण?

---

डेक्कनची_अदिती

औंधकरकाका, माल मिळू नये हे कबूल. पण कुरकुंभचा कारखाना पबमध्ये नव्हता, सोलापूर रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत होता. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते रसायनांपासून बनतं. अफूसारखं शेत लागत नाही, सीमेवरून आणावं लागत नाही. म्हणून एक कारखाना बंद पडला की दुसरीकडे शेड भाड्याने घेता येते. २०१५ पर्यंत तर ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही नव्हतं.

आणि दारूला आपण या चर्चेतून दर वेळी वगळतो. एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयातले साधारण १६ कोटी लोक दारू पितात, त्यांतल्या पावणेसहा कोटींना तिचा त्रास होतो किंवा ते तिच्या आहारी गेलेत. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. मला सगळ्यात हादरवून गेला तो हुंगण्याच्या पदार्थांचा आकडा: मोठ्यांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के. पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर. पुणे स्टेशनच्या परिसरात हातरुमाल नाकाशी धरून बसलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यांच्यासाठी कुठल्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा झालेली मला आठवत नाही.

---

फक्त_आजचा_दिवस

मी व्यसनी आहे, बरीच वर्षं मोकळा आहे. माझा माल ब्राउन शुगर, आमच्या वेळी सगळे गर्दच म्हणायचे. पन्नीवर ओढायचो.

तेव्हा पुण्यात चांगल्या घरांतली पोरं गर्दने पटापट संपत होती. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी देणगी दिली होती. मी तिथे पोचलो तो नव्वदीच्या सुरुवातीला. आई आणि मोठा भाऊ रिक्षात दोन बाजूंना बसले होते, मी मध्ये.

टर्की, म्हणजे माल बंद केल्यावरचा त्रास, काय असते ते सांगतो, कारण घरच्यांना ती नाटक वाटते. आधी जांभया आणि नाका-डोळ्यांतून पाणी. मग अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब. हाडांच्या आतून कुणी किसतंय असं दुखतं, पाय एका जागी ठरत नाहीत, झोप नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आठवड्यात अंग बरंचसं सावरतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी हे पुष्कळ सुसह्य होतं. आपल्याकडे समज असा की ही टर्की संपली म्हणजे माणूस सुटला. अंग सुटतं हो, डोकं नाही सुटत. पगाराची तारीख, ठरावीक पूल, ठरावीक मित्राची शिट्टी, एवढ्यानेही तोंडाला पाणी सुटतं. आमच्या बाबतीत तर चहाच्या दुकानातला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद पुरायचा.

मी स्लिप झालो, म्हणजे पुन्हा माल घेतला, पुन्हा मुक्तांगणला गेलो, पुन्हा स्लिप झालो. दर वेळी घरचे म्हणायचे 'पैसे पाण्यात गेले'. बीपीची गोळी बंद केली आणि बीपी वाढलं तर पैसे पाण्यात गेले असं कुणी म्हणतं का?

आणि मेघनाताई, तुमच्या बहिणीने देणी फेडायचं थांबवलं हे फार मोठं काम केलं. माझा भाऊ माझी उधारी भरायचा तोवर मला थांबायचं कारणच नव्हतं. ज्या दिवशी त्याने हात जोडून 'आता जमणार नाही' म्हटलं, त्या दिवशी मी त्याला अर्वाच्य शिव्या दिल्या. आज आम्ही दोघं एकत्र दुकान चालवतो.

---

अनुजा_प

सगळं वाचून हिंमत करते आहे. नवीन आयडी काढलाय. माझ्या नवऱ्याची दारू. रोज क्वार्टर होती, आता सकाळीही लागते. हात थरथरतात, घोट गेल्यावर थांबतात. सासूबाईंनी पेपरातली जाहिरात बघून पावडर मागवली आहे, 'न सांगता दारू सोडवा' अशी. भाजीत मिसळायची म्हणतात. चव लागत नाही म्हणे. मी अजून घातलेली नाही. कुणी वापरली आहे का? की त्यापेक्षा बाटल्याच फेकून देऊ आणि चार दिवस घरात कोंडून ठेवू?

---

संध्याकाळची_ओपीडी

अनुजाताई, दोन्ही करू नका. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, घाईत लिहितोय पण हे महत्त्वाचं आहे.

अशा पावडरींत काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. काहींमध्ये डायसल्फिराम असू शकतं. ते औषध खरं आहे, आम्हीही देतो, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, लिव्हर आणि हृदय तपासून. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळू शकतं. न सांगता दिलेल्या डोसने जीव जाऊ शकतो. शिवाय कळलं की त्याचा घरच्या अन्नावरचा विश्वास उडतो तो कायमचा.

दुसरं त्याहून तातडीचं. सकाळी हात थरथरतात आणि प्यायल्यावर थांबतात, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाची दारू घरात कोंडून एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. हा प्रकार जीवघेणा आहे. दारू बंद करायची ती दवाखान्यात, औषधांच्या आधाराने. ससूनमध्ये मानसोपचार ओपीडी आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आकडी आली तर थेट तातडीच्या विभागात न्या आणि रोज किती पितात ते डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपोटी लपवलं जातं आणि उपचार चुकतो.

इतरांसाठीही दोन गोष्टी. गर्द किंवा कुठलाही अफूजन्य पदार्थ सोडून माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला की त्याची सहनशक्ती उतरलेली असते. तो स्लिप झाला आणि जुन्या सवयीने जुनाच डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो. घरी आल्यावरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. अफूजन्य पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध देता येतं, त्याने मृत्यू टळतात. 'एक नशा सोडून दुसरी लावली' असं म्हणून ते घरच्यांनी बंद पाडू नये.

एमडीसाठी तसं बदली औषध नाही. त्याची नशा दोन-तीन तासांत उतरते, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. उतरल्यावर मन खोल गर्तेत जातं, संशय येतो, कुणी पाठलाग करतंय असं वाटतं. अशा दिवसांत आत्महत्येचे विचार येतात, मुलाला एकटं ठेवू नका. आणि केमिस्टकडून आणलेल्या लघवीच्या साध्या किटवर विसंबू नका, त्यांतल्या बहुतेकांत मेफेड्रोन दिसत नाही. 'निगेटिव्ह आलं' म्हणून निर्धास्त झालेले पालक मला दर महिन्याला भेटतात.

---

केमिस्ट_सहकारनगर

डॉक्टर, बरं झालं लिहिलंत. मी काउंटरच्या अलीकडचं सांगतो. जिमला जाणारी पोरं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन मागायला येतात. ऑपरेशनच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर बीपी पडलं तर ते वर आणायला वापरायचं औषध आहे ते! ही पोरं व्यायामाआधी जोर यावा म्हणून शिरेत टोचून घेतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनी याच्या विक्रीत किती तरी जणांना पकडलंय. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, तर समोरचा म्हणतो 'काका, ऑनलाइन मिळतंय'. आणि मिळतं, हेच दुखणं आहे.

झोपेच्या गोळ्यांचंही तेच. जुनी चिठ्ठी मोबाइलवर दाखवतात, तारीख कापलेली असते. पालकांना विनंती: मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली बारीक टोचल्याच्या खुणा दिसल्या तर 'रक्त तपासलं' या उत्तरावर थांबू नका.

---

कट्टेकरी

गांजाला यात ओढू नका असं माझं मत. नैसर्गिक आहे, साधूसंत ओढत आलेत.

---

संध्याकाळची_ओपीडी

कट्टेकरी, धोतराही नैसर्गिक आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी गांजा सुरू केलेली आणि विसाव्या वर्षी कानात आवाज ऐकू येतात म्हणून आलेली मुलं मी बघतो. सगळ्यांना होत नाही, पण घराण्यात मनोविकार असेल तर धोका बराच वाढतो, आणि कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही.

---

नितीन_ल

माझा अनुभव वाईट आहे, पण लोकांना उपयोग होईल. धाकट्या भावासाठी वडिलांनी इंटरनेटवरून एक केंद्र शोधलं. शहराबाहेर, बंगल्यात. फोन केला तर म्हणाले पत्ता द्या, आम्ही गाडी पाठवतो. रात्री चार जण आले आणि त्याला उचलून नेलं. महिनाभर फोन नाही, भेट नाही, 'ट्रीटमेंटमध्ये अडथळा येतो' हे उत्तर. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, तोही नक्की डॉक्टर होता की नाही कुणास ठाऊक. भाऊ घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्यायला आणि आता 'केंद्र' हा शब्द उच्चारला तरी घराबाहेर पळतो. एका मारहाणीने त्याचे पुढचे उपचार बंद करून टाकले.

---

वकील_शनिवारपेठ

नितीन, तुमच्या भावाच्या बाबतीत जे झालं ते बेकायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ व्यसनांशी संबंधित मानसिक आजारांनाही लागू होतो. केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे हवी. प्रमाणपत्र बघायला मागा, दाखवलं नाही तर तिथूनच परत फिरा. माणूस तयार नसताना दाखल करायची सोय कायद्यात आहे, पण ती ठरावीक परिस्थितीतच, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासल्यावर, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि पहिल्या खेपेला जास्तीत जास्त तीस दिवस. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. फोन करायचा, भेटायचा हक्क रुग्णाला आहे. तक्रार मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे करता येते.

बऱ्याच पालकांची भीती वेगळी असते: उपचाराला नेलं तर पोलिसांत नाव जाईल. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ अ वाचा. सेवन केल्याचा किंवा अल्प मात्रा बाळगल्याचा गुन्हा दाखल झालेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटल्याची कारवाई होत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. एमडीची अल्प मात्रा म्हणजे दोन ग्रॅमपर्यंत. पन्नास ग्रॅमच्या वर गेलं की ती व्यापारी मात्रा, तिथे किमान शिक्षाच दहा वर्षांची. हे मुलांना सांगा, कारण 'मी विकत नाही, मित्रांसाठी आणतो' असं म्हणणारी पोरं माझ्याकडे येतात. मित्रांसाठी आणणं हाही कायद्याच्या लेखी पुरवठाच.

---

अनुजा_प

पावडर गटारात ओतली. सासूबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या तुझ्या सासऱ्यांनाही असंच दिसायचं भिंतीवर, आम्हाला वाटायचं बाहेरची बाधा झाली. मला लग्नाला इतकी वर्षं झाली, सासरे कशाने गेले हे मला आज कळलं.

हे यायला तयार नाहीत. मेघनाताई म्हणतात तसं मी एकटी जाऊ का? काय बोलायचं तिथे? ऑफिसमधून अर्धा दिवसच मिळेल.

---

मेघना_धनकवडी

अनुजा, नक्की जा. काही पाठ करून जायला लागत नाही. बहीण म्हणते, एका कागदावर एवढंच लिहून ने: कधीपासून, रोज किती, सकाळी लागते का, आधी कधी आकडी आली का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात मारहाण होते का, तुमच्यावर कर्ज किती. शेवटचे दोन प्रश्न बायका गाळतात. गाळू नकोस.

जाण्याआधी फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय टोल फ्री क्रमांक आहे. तुझं स्वतःचं मन फार खचलं असेल तर टेलीमानस, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

---

फक्त_आजचा_दिवस

अनुजाताई, मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. नवरा दाखल असो वा नसो, आधी फोन करून वेळ विचारा. एए, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंग शहरात बऱ्याच ठिकाणी असतात आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं. तिथे नाव-गाव सांगावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. पहिल्या दिवशी नुसतं ऐकून आलात तरी चालतं. ते हात उगारत असतील तर मात्र मीटिंगच्या आधी स्वतःची आणि मुलांची सोय करा, एक बॅग आणि कागदपत्रं माहेरी ठेवून द्या.

---

औंधकर_७२

माझा पहिला प्रतिसाद तसाच राहू दे, पोलिसांनी पब बंद करावेत असं मला अजूनही वाटतं. पण कालपासून हे सगळं वाचतोय. आमच्या सोसायटीत यंदा गणपतीत नाटुकली आणि ऑर्केस्ट्रा ठरला होता. त्यातली एक संध्याकाळ पालकांसाठी ठेवावी, डॉक्टरांना आणि 'फक्त आजचा दिवस' यांना बोलवावं असं कमिटीत मांडतो. मुलांना वेगळं, पालकांना वेगळं. दोघं एका हॉलमध्ये बसले की कुणीच प्रश्न विचारत नाही. येणार का?

---

फक्त_आजचा_दिवस

येईन काका. मानधन नको. फक्त माझं खरं नाव बोर्डावर लिहू नका, आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायला एक डबा ठेवा.

---

अनुजा_प

गुरुवारी अर्धा दिवस मिळाला आहे. कागद लिहून झाला, शेवटच्या दोन प्रश्नांसकट. सासूबाई म्हणतात मीही येते.